झाकण

फ्रीमन स्ट्रीटच्या टोकाला, ग्रिम्स्बीत,
माझ्या दुकानावरचा हिरवा क्रॉस रात्रंदिवस लुकलुकतो.
त्याचा एक हात मार्चपासून गेलाय,
कंपनीला दोनदा कळवून झालं.

डॉक्टरची वेळ मिळायला तीन आठवडे,
माझ्यासाठी नुसतं दार ढकलायचं.
म्हणून येतात सगळे,
नायटा दाखवायला, फ्लूची सुई टोचून घ्यायला.
कॉलम तर रोज साडेनऊला
मेथाडोनचा हिरवा घोट माझ्यासमोर घेऊन
'थँक्स, डक' म्हणत निघून जातो.
इथं सगळेच सगळ्यांना बदक म्हणतात.
फोनवर आईला सांगितलं, तिला ठसकाच लागला.

ब्लँचर्ड आले ते डोरीनला पोचवल्याच्या आठव्या दिवशी.
पिशवी काउंटरवर ठेवली.
'तिची औषधं. फेकवेनात.'

अकरा बाटल्या. रक्तदाबाच्या.
लेबलाच्या कोपऱ्यात माझीच आद्याक्षरं,
झाकणावर तेच: दाबा आणि फिरवा.
लहान मुलांच्या हाती लागू नये म्हणून.
त्या घरातलं एकुलतं मूल पन्नाशीचं, पर्थला.

हलवून पाहिल्या.
एकही खुळखुळेना, इतक्या गच्च भरलेल्या.

एकतीस वर्षं गोदीवर
बर्फातले हॅडॉक सोलले तिनं,
बोटं वाकली ती तशीच राहिली.
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतो आपण.
तिची उघडायचीच नाही.
दर महिन्याला मी विचारायची, 'गोळ्या घेता ना नीट?'
ती हसून 'हो, हो'.
मी चौकटीत बरोबरची खूण करायची.

'कुणाला त्रास द्यायला आवडायचं नाही तिला,'
ब्लँचर्ड म्हणाले,
आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिले,
धडधाकट हातांकडे.

त्यांना आतल्या खोलीत बसवलं,
बाही वर सारून पट्टा बांधला.
आकडा सांगण्यासारखा नव्हता.
सांगितला.

तेव्हापासून विचारत नाही.
बाटली पुढे सरकवते: 'उघडून दाखवा.'
लोकांना वाटतं, पोरीचं काहीतरी बिनसलंय.
मागे गोळ्या मोजता मोजता बोझेना हसते.

काल एक बाई. आधी हातमोजे काढले,
दाबलं, फिरवलं,
तळवा कोटाला पुसून पुन्हा फिरवलं,
मग माझ्याकडे न बघता
बाटली परत सरकवली.
मी साधं झाकण लावून दिलं.

दारात थांबून म्हणाली,
'आमच्या ह्यांना सांगू नकोस हं, डक.'