साठ वॅट

कुह्मोला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते
आणि रात्र झाली होती.
पिशवीत तेवीस एलईडी बल्ब, यादी करून आणलेले:
स्वयंपाकघर चार, जिना एक, सौना एक,
तो उष्णता सोसणारा, जरा महागातला.

आई शिडी धरून उभी राहिली.
गरज नव्हती. पण म्हणाली,
तुझे वडील याच शिडीवरून दोनदा पडले,
दोन्ही वेळा मी शेजारी पिर्क्कोकडे कॉफी पीत होते.

मी एकेक जुना बल्ब उतरवायचो,
ती तो कानाशी नेऊन हलवायची,
तार किणकिणली नाही तर वर्तमानपत्रात गुंडाळून
बुटांच्या खोक्यात ठेवायची, अंडी ठेवावीत तशी.
"चालू आहेत की अजून."
"चालू आहेत, म्हणूनच काढतोय, आई.
शंभरातला पाच भाग उजेड देतात,
बाकी नुसती धग."
धग म्हटल्यावर तिने वर पाहिलं.
बोलली काहीच नाही.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी,
सगळं घर एकदम लावलं.
मुद्दाम पिवळसर आणले होते,
तरी टेबलाच्या मेणकापडावरचे सुरीचे चरे
पहिल्यांदाच मोजता आले.
आईने आपले हात पाहिले, उलटे, मग सुलटे,
मग मांडीवर ठेवून दिले.
"दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं," ती म्हणाली,
"पण छान आहे."

यादीतलं शेवटचं नाव: पंपघर.
विहिरीवरचं लाकडी खोपटं, ताठ उभं राहिलं तर डोकं आपटतं.
आत मोटर, नळी,
आणि खिळ्याला लोंबणारा साठ वॅटचा बल्ब,
ऑक्टोबर ते एप्रिल रात्रंदिवस जळणारा,
एक उंदीर सोडला तर कुणासाठीच नाही.
काय हा उधळेपणा, बाबा, मी मोठ्याने म्हणालो.
तोंडातून वाफ निघाली.
सात वॅटचा फिरवला, दार लोटलं,
आणि बर्फ करकर वाजवत परतलो,
हिशेब जुळलेल्या माणसासारखा.

रात्री पारा उणे एकतीस.
सकाळी नळ उघडला.
नळ एकदा खाकरला आणि गप्प झाला.

आई मागे किटली घेऊन उभी.
नळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"उजेड पाडलास हो."

मग अंगणातला बर्फ पातेल्यात भरून तिने चुलीवर ठेवला,
पलंगाखालून खोकं ओढलं,
एक बल्ब कानाशी धरून हलवला,
नाही, दुसरा, हा.
केस वाळवायच्या यंत्राने मी अडीच तास
गुडघ्यांवर बसून नळी शेकत होतो,
आणि ती दारात उभी राहून
बल्ब कोटाच्या आत, छातीशी धरून होती,
थंडीत एकदम लावला तर काच तडकते म्हणे.
तडकते का, मला माहीत नाही.
हे वडिलांनी मला सांगितलं नव्हतं.
तिलाही सांगितलं नसेल, ते सांगणाऱ्यातले नव्हते,
ती बघत आली असेल.

मार्चमध्ये फोनवर तिने बिल वाचून दाखवलं.
एकवीस युरो कमी.
कॅलेंडरच्या मागे तिने खर्च वेगवेगळा मांडलाय:
स्वयंपाकघर, जिना, सौना, अंगण.
शेवटच्या ओळीत साडेसहा युरो,
आणि त्यापुढे पंपघर नाही,
नुसतं लिहिलंय: तौनो.

"खोक्यात अजून चौदा आहेत," ती म्हणाली.
एक बल्ब हजार तास, म्हणजे सहा आठवडे,
चौदा म्हणजे तीन हिवाळे.
आई एकोणऐंशीची आहे.
"पुरतील," ती म्हणाली, आणि हवेबद्दल बोलू लागली.

थर्मोस्टॅट लावलेली गरम केबल मिळते, नळीभोवती गुंडाळायची,
गोठायला लागलं की आपोआप तापते, बाकी वेळ झोपून राहते.
मी मागवली आहे.
सहा महिने झाले, गाडीच्या डिकीत आहे.
अजून तिला सांगितलेलं नाही.