मच्छरदाणीतली केळ

प्रबंधाच्या पाच प्रती.
एक ग्रंथालयात, एक सरांच्या कपाटात,
एक विद्यापीठानं मागितली म्हणून,
एक आईच्या देव्हाऱ्याशेजारी, कुंकू लावलेली,
आणि एक सुपडूभाऊंनी नेली
इनक्युबेटरच्या हलत्या पायाखाली.
कामाला लागली ती तेवढीच.

चौथ्या प्रकरणात मी लिहिलं होतं:
पानाच्या रसाचा थेंब, कागदाची पट्टी,
दहा मिनिटं, तापमान पंचवीस अंश.
एक रेघ उमटली तर झाड निरोगी.
दोन उमटल्या तर हरण्या आत शिरलाय,
पानाला अजून पत्ता नाही.

पंचवीस अंश!
रावेरला वैशाखात पंचवीस अंश
फक्त माठाच्या बुडाशी असतात.
बांधावरच्या पहिल्या चाचणीला पट्टी
पापडासारखी वळली,
आणि रेघ यायची तिथं
केळीच्या चिकाचा डाग पसरला,
तोच, जो माझ्या फ्रॉकवरून
आईला कधी काढता आला नाही.
प्रयोगशाळेत मी चीक गाळून घ्यायचे.
वावरात कोण गाळणार?

दोन वर्षं त्या डागाशी भांडले.
अत्तरदे सर निवृत्त झाले.
स्टार्टअपसाठी मिळालेल्या खोलीत
(आधी तिथं मोडकी बाकं असायची)
कंपनी नोंदणीचा फॉर्म भरताना
'उद्देश' या रकान्यात
'डाग' लिहिलं आणि खोडलं.
पुण्याहून आलेल्या गृहस्थांनी विचारलं, मार्केट केवढं?
म्हटलं, तापीच्या दोन्ही काठांएवढं.
ते हसले. आकडा सांगा.
आकडा सांगितला. मग हसले नाहीत.

आणि एका दुपारी सुपडूभाऊ, डबा उघडून,
"मॅडम, चिरलेलं वांगं काळं पडू नये
म्हणून घरी मिठाच्या पाण्यात टाकतात.
तुमचा चीक तुम्ही कशात टाकता?"

वांग्यानं अर्धंच उत्तर दिलं.
उरलेल्या अर्ध्याला अकरा महिने लागले.

श्रावण. निंभोऱ्याला भंगाळे काकांची बाग,
तीन हजार रोपं, गुडघ्याला आलेली,
पोंगे तुकतुकीत.
अकराव्या ओळीतल्या चौथ्या झाडाला
दोन रेघा.

"हे त हिरवंगार हाये, माय. उपटू कसं?"

नवी पट्टी घेतली. दोन रेघा.
माझ्याकडे एकशे बारा पानं होती,
त्यांच्याकडे चाळीस वर्षांचे डोळे.
ते काही न बोलता घराकडे गेले.
मला वाटलं, संपलं.

परत आले ते मच्छरदाणी घेऊन,
निळी, एका कोपऱ्याला ठिगळ.
चार काठ्या रोवून झाडावर चढवली,
कडा मातीत दाबल्या
लेकराच्या गादीखाली दाबाव्यात तशा.
"मावा आत येणार नही, बाहेर जाणार नही.
पंधरा दिवस पाह्यतो,
तुमची पट्टी खरी का माही नजर."

तोंडी परीक्षेत
इतका चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आज नववा दिवस.
पर्समध्ये दोनशे पट्ट्यांची ऑर्डर,
काकांची सही तेवढी बाकी.
एसटीतून उतरून मी बांधावर उभी,
आणि ठरत नाहीये,
एका चांगल्या झाडानं आजारी निघावं
म्हणून नवस बोलायचा का.

जाळीआड पोंगा उलगडतोय.
अजून तरी हिरवाच.