मागील बाकी

हर्णैच्या बर्फ कारखान्याची वही
पुढून उघडली तर लाद्यांचा हिशेब.
'गुलबहार', वीस लाद्या, अर्धे मिळाले.
'रामेश्वरी', बारा, बाकी.
मागून उघडली तर लीग.

पहिलं वर्ष. संघ पाच.
लेहचे दोन, काझाचा एक, शिमल्याचा एक,
आणि आम्ही.
दिल्लीच्या साहेबांनी दोनदा विचारलं,
समुद्रावरच्या पोरींना बर्फ माहीत आहे का?
झैबुन होडेकर वहीतून मान वर न काढता म्हणाली,
साहेब, आमच्याकडे त्याला काम असतं.
तुमच्याकडे तो नुसताच पडून.

लिलाव उठला की ओट्यावर सराव,
चाकांचे बूट, भाड्याचे, सहा जोड, मुली अकरा.
खवल्यांवरून चाक असं सटकायचं
की पुढे खरा बर्फ खरखरीत वाटला.
यमुना पावसे गोलवर.
तिच्या पायांना थर्माकोलच्या खोक्यांची झाकणं,
नायलॉनच्या दोरीनं आवळलेली,
डाव्या झाकणावर निळ्या शाईत: म्हाकूल, १० किलो.
लेहच्या मुली तिला शेवटपर्यंत म्हाकूलच म्हणाल्या.
त्यांना वाटलं आडनाव आहे.

काझाला पोचायला चार दिवस.
तिथे मी पहिल्यांदा
वितळायची घाई नसलेला बर्फ पाहिला.
आमच्याकडे लादी कारखान्यातून निघते
तीच जायला निघते,
बैलगाडीत गोणपाटाखाली थेंब थेंब कमी होत.
इथे तो सकाळी होता तेवढाच संध्याकाळी.
यमुनानं वाकून हात लावला, म्हणाली,
ह्याचा भाव कोण ठरवतं गो?

चौदा–शून्य.
वहीत तसंच आहे, खाडाखोड नाही.
पण गोलच्या जाळ्या आमच्या होत्या.
लेहच्या उंदरांनी खाल्ल्या म्हणून तार आली होती,
आणि यमुनाच्या चुलतसासऱ्यानं
किनाऱ्यावर बसून सहा विणल्या,
पापलेटाच्या आसापेक्षा बारीक,
चकती अडकली की हलायची नाही.
चौदा वेळा अडकली.
आमच्याच गाठी, आमच्याच पाठीमागे.
परतीच्या गाडीत ह्यावर
आम्ही पठाणकोटपर्यंत हसलो.
मग कोणीतरी रडलं, मग झोपलो.

तिसरं वर्ष. पान अर्धंच.
सिमेंटवाल्यांनी हात काढला.
चौथ्या वर्षी एकाच टपालानं दोन पत्रं,
दोन लीग, दोन्ही राष्ट्रीय,
दोन्हींच्या खाली वेगवेगळ्या साहेबांची सही.
खेळणाऱ्यांना कोणी विचारलं नाही.
झैबुननं दोन्ही पत्रं एकाच टाचणीत अडकवली.

पुढची सहा पानं लीग नाही.
एका पानावर कुणाच्या तरी लग्नाचे तांदूळ,
एका पानावर यमुनाच्या पोरीची उंची,
दर जूनला, बंदी लागून होड्या वर ओढल्या की,
पेन्सिलची रेघ.

दहावं वर्ष. संघ आठ. मानधन.
हा शब्द झैबुननं तांबड्या शाईनं लिहिलाय,
बाकी वहीत तांबडी शाई फक्त बुडीत खात्याला.
उंचीच्या रेघांमधली विदिशा
आता शिमल्याकडून खेळते.
कोकणचा संघ नाही.
तिच्या पायांना खरे पॅड आहेत.
पहिल्या पगारात तिनं आईला जुनं झाकण
फ्रेम करून आणलं, तर यमुना चिडली,
म्हणाली, काचेचे किती घेतले?

गेल्या महिन्यात टपालानं पुस्तक आलं.
गुळगुळीत कागद, लीगचा इतिहास.
पहिलं वर्ष, संघ चार.
मी दोनदा वाचलं.
माझा एक गोल होता, दुसऱ्या वर्षी, शिमल्याविरुद्ध,
गुडघ्याला लागून गेलेला, पण होता.
चार संघांत तो कुठे बसवायचा?

झैबुन काही बोलली नाही.
दर पाडव्याला ती नवी वही घालते,
पहिल्या पानावर हळदीकुंकू मी लावते,
मागच्या पानावर ती जुनी ओळ उतरवते.
ह्याही वर्षी उतरवली:
लीग. सहा जाळ्या. विणाईसकट. बाकी.

मग पेन कानाला लावून ओरडली,
गाडी पाण्यात उभी आहे,
वीस लाद्या काढ.