शुक्रवारची पाकिटं

शुक्रवारी मी पगाराची पाकिटं भरते.
पोर्ट एलिझाबेथ, टायरचा कारखाना, दुसरा मजला.
हेंड्रिकचं पाकीट जाड.
आठवीत शाळा सोडलेला गोरा पोरगा,
त्याच्या रजेच्या अर्जातल्या चुका
मीच सुधारून देते.

माझी बारावी झालीय.
एका पुस्तकाभोवती चौघी बसायचो,
माझ्या वाट्याला कायम उलटी बाजू.
साहेबाच्या टेबलावरचे कागद
म्हणून तर समोरून वाचता येतात मला.

माझ्या एकेका इयत्तेपायी
आईने लोकांच्या किती चादरी धुतल्या,
तिने मोजलं नाही.
मी मोजलं. भागाकार शाळेतच शिकले.
शाळेचं माझं एक वर्ष: चार रँड.
त्याचं एक वर्ष: एकोणीस.
उरलेली बाकी कुठे मांडायची
ते बाईंनी सांगितलं नव्हतं.

काल लवान्डिले विचारत होता,
सोडू का शाळा?
गोदीत पोती उचलायला माणसं हवीत,
तिथे कोणी इयत्ता विचारत नाही.

चार रँड. काय सांगणार होते त्याला?
त्याच्या पेन्सिलीला टोक काढत बसले,
निम्मी संपली पेन्सिल.

मग म्हटलं, थांब अजून.
तुला उलटं वाचता येत नाही.