अंदाजे

आमच्या कारखान्यात, म्हणजे अजमानच्या सनाइयात
टायरवाल्याच्या मागच्या शेडमध्ये,
एकच पिंप आणि दोन नरसाळी.
डाव्या नरसाळ्याखाली खैरुनची बाटली,
तिचं नाव, शेजारी हिरवं पान, पावणेदहा दिरहम.
उजव्याखाली त्यांची.
पांढरं लेबल, वर नुसतं लिंबू लोणचं,
अरबीत आणि इंग्रजीत. साडेसहा.
लिंबं तीच, सोहारहून पहाटे सीमा ओलांडून आलेली,
ड्रायव्हरच्या शिव्यांसकट.

त्यांचा खरेदीवाला रामी, अम्मानकडचा पोरगा,
वाईट नव्हता. आल्यावर आधी खैरुनचा गुडघा विचारायचा.
म्हणाला, माल तुमचाच, फक्त नाव आमचं.
म्हणाला, महिन्याला वीस हजार बाटल्या.
मी आयुष्यात वीस हजार कशाचेच मोजले नव्हते.
सही केली तेव्हा पेनही त्याचंच होतं.

मग कागद आला, रकान्यांचा.
मेथी किती ग्रॅम. हिंग किती. तेल किती अंशांवर.
खैरुन म्हणाली, अंदाजे लिही.
म्हटलं, अंदाजे चालत नाही.
तिने मेथीची मूठ भरली, काट्यावर उघडली,
पुन्हा भरली, उघडली.
अकरा वेळा. अकरा वेगळे आकडे.
मी सरासरी काढली: अठ्ठेचाळीस.
तिने हात ओढणीला पुसले
अंगठ्याला शाई लागल्यासारखे.

पहिलं वर्ष बरं गेलं, खोटं कशाला बोलू.
दुसरं पिंप घेतलं, टेकबहादूरचा व्हिसा केला,
मुलीची फी एकदाची वेळेवर.
दुकानात मात्र खैरुन उतरत गेली,
डोळ्यांसमोरून कमरेशी,
कमरेवरून घोट्याशी, फिनेलच्या शेजारी.
वाकायला कोणाला सवड आहे?
त्या खालच्या फळीचंही भाडं मागितलं त्यांनी.
दिलं.
आमचीच बाटली आमच्याच बाटलीला खाली ढकलत होती
आणि दोघींची बिलं मीच लिहीत होतो.

संध्याकाळी जायचो उगाच,
पांढरी बाटली उलटी करून मागचे आकडे वाचायचो.
ही मंगळवारची, बिजूला ताप होता तेव्हाची.
ही रमजानच्या आदल्या रात्रीची, लाइट गेलेली.
कोणी बघायला लागलं की टोपलीत टाकायचो,
पैसे देऊन घरी आणायचो, आमचंच लोणचं.

तिसऱ्या वर्षी रामीचा फोन आला नाही, पत्र आलं.
कुठेतरी कोणीतरी
बाटलीमागे पस्तीस फिल्स स्वस्त देत होतं.
चव बदलणार नव्हती.
रकाने त्यांच्याकडे होतेच.

एक बाटली आणली. आकडे अनोळखी.
भात केला, बसलो दोघं.
मला खोट हवी होती
आणि पहिल्याच घासाला मिळाली: मोहरी कच्ची.
खैरुनकडे पाहिलं, खटला जिंकल्यासारखं.
तिने फोड जिभेवर फिरवली, सावकाश.
"मोहरी बरोबर आहे," म्हणाली. "बरं झालंय."
आणि अजून एक फोड वाढून घेतली.

शेडमध्ये त्यांची चार हजार लेबलं उरलीत.
कराराप्रमाणे फाडायची.
पण कागद चांगला, पाठ कोरी.
खैरुन त्यावर सामान लिहिते,
मीठ, तेलाचे दोन डबे, टेकबहादूरला चप्पल.
आता एकच पिंप चालतं, तेही अर्धं.
रकाने कधीच कपाटात गेले.
ती पुन्हा मुठीनेच मेथी टाकते, न बघता,
टायरवाल्याच्या बायकोशी बोलता बोलता.

परवा तिच्या मुठीखाली मी काटा सरकवला, सहज.
अठ्ठेचाळीस.
काल पुन्हा. अठ्ठेचाळीस.
आज सकाळी तिला जरा हसवलं, हात हलला पाहिजे म्हणून.
अठ्ठेचाळीस.

तिला सांगितलेलं नाही अजून.