डेटॉलमधले बुटके

ग्रिम्सबीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत
जॅमच्या बरणीत डेटॉल,
तळाशी तेरा शिशाचे बुटके.
दोन दिवसांत रंग सायीसारखा सुटतो.
मग जुन्या टूथब्रशने क्लाइव्ह ऑसगर्बी
एकेकाच्या दाढीतलं सोनं खरवडतो.

ह्यांचा खेळ बंद पडला त्र्याण्णव साली.
साचे वितळवले म्हणे. नियमांचं पुस्तक
मांजरीच्या पिल्लांखाली गेलं.
एक राजा होता त्यांचा,
तो मुलाने क्लीथॉर्प्सच्या वाळूत पुरला असावा.

आता गुरुवारी, चर्चच्या हॉलमध्ये, नवा खेळ:
बर्फाचा समुद्र, देवमासे, गलबतं.
कुऱ्हाडीचं पातं कापलं की उरतो दांडा,
टाचणी चिकटवली की भाला.
ढाल पालथी करून सुकाणूचं चाक,
शिरस्त्राणावर पुट्टीची लोकरी टोपी.
चौकोनी पाट काढून घेतले, गोल दिले.

एकाच्या हातात मात्र कुऱ्हाड तशीच.
"आणि हा?"
"तो ऐकत नाही," क्लाइव्ह म्हणाला.
"आमचा ट्रॉलर भंगारात गेला तेव्हा
सहा महिने मी बोटीवरचे बूट घालूनच झोपायचो.
राहू दे.
बर्फ फोडायला लागेलच कुणीतरी."