काटा मारू नये

वार्डोच्या धक्क्यावर मी मासळी तोलते,
एकोणीस वर्षं झाली.
कॉड, हॅडॉक, लाल नांग्यांचे राजखेकडे.
बर्फासकट पेटी, मग बर्फ वजा.
यूरुननं काटा मारला
असं या बेटावर कुणी म्हणणार नाही.
आस्लाकसुद्धा नाही,
आणि आस्लाक तर देवाच्या हिशेबातही
दोन किलोंची चूक काढतो.

कॅमेरा शाळेतल्या मास्तरांकडून घेतला,
ते दक्षिणेला गेले तेव्हा. एका कोपऱ्यात पोचा आलेला.
भाचा म्हणाला, आत्या, कच्च्या फाइली तशाच ठेवतेस?
कॉड काय न साफ करता ताटात वाढतेस?

म्हणून आता
पंधरा दिवसांची चाचणी, तीस दिवसांची चाचणी,
स्वयंपाकघरात हा जुना लॅपटॉप
आणि सगळ्यांपुढे एकच फोटो:
डिसेंबर, दुपारचे बारा,
आस्लाक दोर गुंडाळतोय,
कपाळावर दिवा, तिरपा बर्फ,
आणि अर्ध्या तासापुरती येते ती निळाई.

पहिल्याला दरमहा भाडं लागतं.
त्यात एक बटण आहे, 'आपोआप'.
दाबलं,
तर नोव्हेंबरात गेलेला सूर्य
त्यानं कान धरून परत आणला!
आस्लाकमागे तेलाची टाकी दिसली,
कचऱ्याचे डबे, भिंतीवरची चीर,
मे महिन्यातला एखादा कंटाळवाणा मंगळवार.
मी तो दिवस ओळखत नव्हते.

दुसऱ्याचे पैसे एकदाच, पण भरपूर.
ते म्हणालं, फोटोत गोंगाट आहे, कमी करू?
कसला गोंगाट, इथे तर वाराही थांबला होता,
तरी म्हटलं, कर.
त्यानं बर्फ पुसला.
कण न् कण. वर आस्लाकची
तीन दिवसांची दाढीही.
बर्फ वजा मीही करते.
पण आधी नोंदवून.

तिसरं फुकट.
कुठले कुठले लोक कामावरून घरी येऊन
रात्री लिहितात म्हणे.
अर्धं नॉर्वेजियनमध्ये, अर्धं त्यांना सुचेल तसं,
मेनू म्हणजे वादळानंतरचं जाळं,
आणि ते उघडलं की लॅपटॉपचा पंखा
ट्रॉलरच्या विंचसारखा ओरडतो.
फोटोची कड कापायची कशी
हे सापडायला तीन संध्याकाळी गेल्या.
चौथ्या संध्याकाळी मी त्याला शिव्या दिल्या,
पाचव्या संध्याकाळी पुन्हा उघडलं.

रविवारी आस्लाक कॉफीला आला.
मी काही न सांगता तिन्ही दाखवले.
पहिल्यावर म्हणाला, हा कोण, माझा भाऊ?
दुसऱ्यावर नुसता गालावरून हात फिरवला.
तिसऱ्यापाशी बराच वेळ बसला,
कॉफीवर साय धरली.
मग म्हणाला,
"थंडी याहून जास्त होती."

आता थंडी कुठून आणू?
पण तिथे एक पट्टी होती, 'तापमान' नावाची,
मी कधी हात न लावलेली.
डावीकडे सरकवली.
दोराच्या वेटोळ्यांतून निळं वर आलं.
"अजून."
धक्क्याची लाकडं काळीनिळी झाली.
"अजून."
कपाळावरचा दिवा तेवढा पिवळा राहिला,
एवढासा, बटाट्याच्या कापासारखा.
माझ्या घरात शेगडी रसरसत होती
आणि आस्लाकनं स्वेटरच्या दुमडलेल्या बाह्या
मनगटापर्यंत खाली ओढल्या.
"बस," म्हणाला. "इथे थांब."

मी थांबले.
काटा स्थिर व्हायला जेवढा वेळ लागतो
तेवढा वेळ पट्टीवर बोट ठेवून.

जाताना दारात बूट चढवत विचारलं,
कितीला पडलं हे?
फुकट, म्हटलं.
त्याला पटलं नाही. फुकटात कुणीतरी
कुठेतरी उपाशी राहतं, म्हणाला.
म्हटलं, हवं तर पैसे पाठवायची सोय आहे.
पैसे नकोत, तो पुटपुटला,
खिशात हात, नजर बर्फाकडे,
त्या लोकांना कॉडच्या जिभा चालतात का, विचार.

मी पत्ता शोधतेय.